सातबारा, नॉमिनी, साठेखत, सोडचिठ्ठी : कागदावरच्या शब्दांना कायदा काय मानतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

'जमीन माझ्या नावावर आहे' हे वाक्य घरात चालतं. कोर्टात लगेच पुढचा प्रश्न येतो: नावावर म्हणजे कशावर? खरेदीखतावर, सातबाऱ्यावर की लाइट बिलावर? खालचे बहुतेक प्रश्न याच जातीचे आहेत. उत्तरं महाराष्ट्रात लागू असलेल्या कायद्यांना धरून दिली आहेत.

कायद्यातल्या शब्दाचा अर्थ नेमका कुठं शोधायचा?

आधी त्याच कायद्याच्या सुरुवातीला. बहुतेक अधिनियमांचं कलम २, क्वचित ३, व्याख्यांचं असतं. व्याख्येत 'म्हणजे' असेल तर अर्थ तिथंच बंद होतो. 'यात समावेश होतो' असं असेल तर शब्दाचा नेहमीचा अर्थ कायम राहतो आणि त्यावर आणखी काही गोष्टींची भर पडते. या एका फरकावर वकील मंडळी तासन्‌तास भांडतात आणि ते तास वाया जात नाहीत.

त्या कायद्यात व्याख्या नसली तर केंद्रीय कायद्यांपुरता १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम आहे. पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही येतात, एकवचनात अनेकवचन येतं, 'महिना' इंग्रजी कॅलेंडरचा धरायचा, मुदतीच्या शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडल्यावर पहिल्या दिवशी केलेलं काम मुदतीतलंच मानायचं, असली रोजच्या उपयोगाची सामग्री त्यात सापडते.

तिथंही काही मिळालं नाही तर शब्द लोक जसा वापरतात तसा घ्यायचा. याचा नमुना अकोल्याचा आहे. विड्याची पानं विकणाऱ्या व्यापाऱ्याचं म्हणणं होतं की पान ही वनस्पती, म्हणून ती 'भाजी', आणि भाजीला विक्रीकर माफ. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हे नाकारलं. वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, मंडईत भाजी मागणाऱ्याला कोणी विड्याचं पान देत नाही. कर कायद्यातला शब्द बाजारातल्या अर्थाने वाचायचा.

एकच शब्द दोन कायद्यांत वेगळा असू शकतो का?

सर्रास. 'सद्भावना' घ्या. वाक्खंड अधिनियमात एखादी गोष्ट प्रामाणिकपणे केली असेल तर ती सद्भावनेने केलेली ठरते, मग त्यात हलगर्जीपणा झालेला असो वा नसो. भारतीय न्याय संहितेत उलट आहे: योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेची म्हणता येत नाही, आणि जुन्या दंड संहितेतही हेच होतं. म्हणजे प्रामाणिक पण निष्काळजी माणूस एका कायद्यात सुटतो, दुसऱ्यात अडकतो.

'मूल' तर आणखी लवचीक. बाल न्याय अधिनियम आणि पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) यांत १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल. बालकामगार कायद्यात साधारणपणे १४ पर्यंत मूल आणि १४ ते १८ किशोरवयीन. बालविवाह प्रतिबंधाच्या २००६ च्या कायद्यात मुलगी १८ पर्यंत, मुलगा मात्र २१ पर्यंत. वीस वर्षांचा तरुण मतदान करू शकतो, जमीन विकू शकतो, पण लग्नाच्या कायद्यापुरता तो अजून मूलच आहे.

'व्यक्ती' म्हणजे माणूसच ना?

नाही. कंपनी व्यक्ती आहे, संस्था व्यक्ती आहे, आणि देवही. हिंदू देवतेची प्रतिष्ठापित मूर्ती मालमत्ता धारण करू शकते, दावा लावू शकते. तिच्या वतीने व्यवहार कोणीतरी बघतो इतकंच. देवस्थान जमिनीच्या सातबाऱ्यावर म्हणूनच देवाचं नाव दिसतं. पुजारी कितीही पिढ्या पूजा करत असला तरी मालक होत नाही. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच सांगितलं. २०१९ च्या अयोध्या निकालात रामलल्ला विराजमान यांना व्यक्ती मानलं गेलं, पण जन्मस्थानाच्या जागेला तो दर्जा मिळाला नाही. गंगा आणि यमुना यांना उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये व्यक्ती ठरवलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. नदीने गावात शिरून नुकसान केलं तर दावा कोणावर लावायचा, ही अडचण खरीच होती. कायद्याला ज्याच्या हातात हक्क आणि ज्याच्या डोक्यावर जबाबदारी ठेवणं सोयीचं वाटतं, ती व्यक्ती.

सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मी मालक झालो का?

सातबारा मालकी देत नाही. तो महसूल खात्याचा अभिलेख आहे. शेतसारा कोणाकडून घ्यायचा, जमीन कोण कसतो, पीक काय, बोजा कोणाचा याची ही नोंद. मालकी येते ती खरेदीखताने, वारसाने, वाटपाने, बक्षीसपत्राने, मृत्युपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने. त्या घटनेची वर्दी तलाठ्याकडे जाते, फेरफार (गाव नमुना सहा) धरला जातो, संबंधितांना नोटिसा निघतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबाऱ्यावर नाव चढतं. हक्क आधी, नोंद नंतर. नोंद झाली म्हणून हक्क निर्माण होत नाही आणि राहून गेली म्हणून बुडतही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे इतक्या वेळा सांगितलंय की आता निकालांत ते एका ओळीत उरकतात.

मग सातबारा निरुपयोगी का? अजिबात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे भांडण झालं तर 'नोंद खोटी आहे' हे दाखवायचं ओझं समोरच्यावर पडतं. मात्र हे गृहीतक खोडता येतं. खोडता न येणारेही कागद असतात: कुळकायद्याखालचं ३२म चं प्रमाणपत्र कुळाने जमीन खरेदी केल्याचा निर्णायक पुरावा मानलं जातं. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाच्या व्यवहारांची ही प्रमाणपत्रं घराघरातल्या ट्रंकेत पडून आहेत. ती लॅमिनेट करण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा.

सातबारा वाचताना नावाच्या आधी भोगवटादार (जमीन धारण करणारा) वर्ग बघायची सवय लावावी. वर्ग १ म्हणजे हस्तांतरणावर शासनाचं बंधन नाही. वर्ग २ म्हणजे विकायला सक्षम अधिकाऱ्याची, बहुधा जिल्हाधिकाऱ्यांची, परवानगी हवी. नाव विकणाऱ्याचंच आहे एवढं पाहून वर्ग २ जमिनीचे पैसे मोजणारे पुढे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवतात.

इसारपावती, साठेखत, खरेदीखत यांत फरक काय?

इसारपावती म्हणजे बोली पक्की झाल्याची आणि रक्कम दिल्याची खूण. साठेखत म्हणजे अमुक अटींवर पुढे विकण्याचा करार. खरेदीखत म्हणजे विक्री. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की विक्रीच्या कराराने मिळकतीत कोणताही हितसंबंध किंवा बोजा आपोआप निर्माण होत नाही. साठेखत हातात असलेल्या माणसाकडे घर नसतं, घर विकायला लावण्याचा हक्क असतो. तो बजावायलाही मुदत आहे: करारात ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं, तारीख ठरलेली नसेल तर समोरचा नकार देतोय हे कळल्यापासून तीन वर्षं. 'साठेखत आहे की, घाई काय' म्हणत दहा वर्षं बसलेल्या माणसाला पुढे फार कमी वाव राहतो.

बिल्डरकडून फ्लॅट घेताना रेरा (स्थावर संपदा नियमन) कायदा जास्त कडक आहे. नोंदणीकृत साठेखत झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

स्टँप पेपरवर लिहून नोटरी केलंय, तरी पक्कं नाही?

इथं तीन वेगळी कामं एकात मिसळली जातात. मुद्रांक शुल्क हा सरकारचा कर. ते कमी भरलं तर दस्त पुराव्यात घेतला जात नाही, पण दंडासह भरून ही उणीव बऱ्याचदा दूर करता येते. नोटरी सही कोणी केली याची खातरजमा करतो. दस्तातला मजकूर खरा आहे की नाही, विकणारा खरा मालक आहे की नाही, याच्याशी त्याच्या शिक्क्याचा संबंध नाही. आणि नोंदणी म्हणजे दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवणं. १०० रुपये किंवा जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीशिवाय होतच नाही. १०० रुपयांत आज कुठं काय स्थावर मिळतं, तेव्हा सगळ्याच विक्री यात आल्या. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला नेला पाहिजे. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून संधी असते.

याच घोळातला भाऊ म्हणजे मुखत्यारपत्रावरची 'विक्री'. मुखत्यार हा मालकाच्या वतीने काम करणारा माणूस. साधारण नियमाने मालक वारला की मुखत्यारपत्र संपतं. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी तीन कागदांची जुडी करून घरं 'विकण्याची' पद्धत होती. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लँप प्रकरणात त्याने मालकी जात नाही हे ठामपणे सांगितलं.

नॉमिनी आणि वारस एकच का?

नाहीत, आणि या एका गैरसमजाने जितकी भावंडं दुरावली असतील तितकी बांधाच्या भांडणानेही नसतील. नॉमिनी म्हणजे संस्थेने पैसे कोणाच्या हाती द्यावेत हे सांगणारं नाव. बँकेने नॉमिनीला रक्कम दिली की बँक मोकळी; ती रक्कम शेवटी कोणाची हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. विम्याच्या बाबतीत डिसेंबर १९८३ च्या सरबती देवी निकालाने हे पक्कं झालं. कंपनीच्या शेअर्सबद्दल बरीच वर्षं उलटसुलट निकाल येत होते. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सनाही हाच नियम लावला.

विम्यात २०१५ पासून एक महत्त्वाचा अपवाद आला. नॉमिनी जर आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुलं असतील तर ती रक्कम सर्वसाधारणपणे त्यांचीच होते. पॉलिसी जुनी असेल तर ती कधी परिपक्व झाली ते पाहून मगच बोलावं.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेतात. वारसांचं ठरेपर्यंत त्याने मेंटेनन्स भरायचा, सभेला बसायचं. फ्लॅट त्याचा झाला असं यातून निघत नाही. सोसायटीच्या सचिवांनी 'शेअर सर्टिफिकेटवर नाव आलं, आता तुमचाच' असं सांगितलं तर त्यांना नमस्कार करावा आणि वकिलाकडे जावं.

'वारसाचा दाखला' नेमका कोणता आणायचा?

कोणाला दाखवायचाय त्यावर. बँकेतली ठेव, शेअर्स, येणं असलेली रक्कम यांसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र. स्थावर मिळकतीसाठी ते चालत नाही. तिथं महाराष्ट्रात मुंबई रेग्युलेशन ८, १८२७ खाली कोर्टाकडून वारस प्रमाणपत्र घेतात. हो, १८२७ चंच. ग्रामपंचायतीचा किंवा तहसीलचा वारस दाखला सातबाऱ्याच्या वारस नोंदीला उपयोगी पडतो, पण कोर्टाचा शिक्का त्याला नाही.

आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जितच ना?

तेवढ्यावरून सांगता येत नाही. हिंदू कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा मिळतो. पण आजोबांनी स्वतः कमावलेली जमीन, ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले आणि ती हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ८ ने वडिलांकडे आली, तर ती वडिलांची स्वतंत्र मिळकत ठरते. नातवाला त्यात जन्मसिद्ध हिस्सा नाही. वडील हयात असेपर्यंत त्यांनी ती विकली तरी हरकत घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात ही दिशा दिली. गावाकडे आजही 'बापाला विकायचा हक्कच नाही' म्हणून दावे पडतात ते हे न बघता.

मुलींचं मात्र आता स्वच्छ आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलासारखीच जन्माने सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार) झाली, आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत ही शंका २०२० च्या विनीता शर्मा निकालाने संपवली. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपं मात्र उकरता येत नाहीत.

हक्कसोड, बक्षीस, मृत्युपत्र: कोणतं कशासाठी?

हक्कसोडपत्र सहहिस्सेदाराने दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या लाभात करायचं असतं. ज्याचा मिळकतीत हिस्साच नाही अशा त्रयस्थाला 'हक्क सोडून' देता येत नाही. तिथं विक्री किंवा बक्षीस लागतं. स्थावराचं हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. बहिणीने कोऱ्या कागदावर केलेली सही तिचा हिस्सा घालवत नाही, हे भावांनाही माहीत असलेलं बरं.

बक्षीसपत्राने मालकी आत्ताच जाते. नोंदणी, दोन साक्षीदार आणि देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने केलेला स्वीकार या गोष्टी हव्यात. एकदा झालं की मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. ज्येष्ठांसाठी २००७ च्या कायद्यात एक वाट आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येतं. अट दस्तातच लिहून ठेवलेली उत्तम.

मृत्युपत्र मृत्यूनंतर बोलायला लागतं. हयातीत कितीही वेळा बदलता येतं, नोंदणी ऐच्छिक आहे, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापलीकडचं मृत्युपत्र वारसांच्या संमतीशिवाय टिकत नाही.

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही ना?

ही समजूत नोंदणी अधिनियमातून आली. तिथं एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून सगळे अकरावर थांबले. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने ही पळवाट बंद केली: लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या मानल्या जातात. वर शिर्षक 'लायसन्स' टाकलं म्हणून करार लायसन्स होत नाही; आतल्या मजकुरातून जागेचा हक्क दिला गेला की नुसती वापराची मुभा, हे कोर्ट पाहतं.

बारा वर्षं राहिलं की घर आपलं होतं का?

राहून होत नाही. मालकाच्या हक्काला उघड आव्हान देऊन, सलग, मालकाला कळेल असा ताबा बारा वर्षं ठेवला तर प्रतिकूल कब्जाचा मुद्दा उभा राहतो; सरकारी जमिनीला तीस वर्षं. भाडेकरू, नातेवाईक, राखणदार हे परवानगीने राहतात, त्यांची वर्षं यात मोजली जात नाहीत.

पंचांसमोर सोडचिठ्ठी झाली, आता दुसरं लग्न करता येईल?

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ खाली घटस्फोट कोर्ट देतं. पती-पत्नी राजी असले तरी परस्पर संमतीचा अर्ज कोर्टातच करावा लागतो. स्टँप पेपरवरची सोडचिठ्ठी नोटरी करूनही घटस्फोट होत नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड चालत आलेला आहे आणि कलम २९ अशा रूढीला मान देतं. पण ती रूढी पुरातन आणि सलग असल्याचं, ती पाळूनच काडीमोड झाल्याचं पुराव्याने दाखवावं लागतं. हे जमलं नाही तर दुसरं लग्न कायद्याने शून्य, आणि द्विविवाहाचा गुन्हा वेगळा. सर्वात जास्त फटका दुसऱ्या बायकोला बसतो. तिच्या मुलांना मात्र कायदा औरस मानतो आणि आईवडिलांच्या मिळकतीत हिस्साही देतो.

लग्नाच्या बाजूनेही असंच: विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आहे पण विधीच झाले नाहीत, तर हिंदू विवाह झालेला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. व्हिसासाठी आधी प्रमाणपत्र, लग्न नंतर सवडीने, असं ठरवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. नोंदणी पद्धतीचं लग्न विशेष विवाह अधिनियमाखाली होतं, ते वेगळं.

'गुन्हा दाखल झाला' म्हणजे तो माणूस गुन्हेगार ठरला का?

पोलिसांकडे दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदली गेली, एवढाच त्याचा अर्थ. अदखलपात्र असेल तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. तपासानंतर दोषारोपपत्र, मग खटला. शिक्षेच्या निकालापर्यंत तो आरोपी, दोषी नव्हे. हद्दीचं कारण सांगून पोलीस ठाण्याने परत पाठवू नये म्हणून 'झिरो एफआयआर' आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे.

'चारशे वीस' अजून चालतं का?

बोलण्यात चालेल. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं ते कलम भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झालं, खुनाचं ३०२ झालं १०३, आणि जमावबंदीचं १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेतलं १६३. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू राहते, त्यामुळे कोर्टाच्या बोर्डावर पुढची बरीच वर्षं ४२० आणि ३१८ शेजारी शेजारी दिसतील.